एक ओजिब्वे कथाकार : बॅझिल जॉन्स्टन



सदतीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला. पानिपत, खडकी, सत्तावन सालचें बंड, असहकारिता हे विषय मला तोंडपाठ होते. परंतु अमेरिका म्हटली कीं कोलंबसाचीं तीन गलबतें आणि वॉशिंग्टनचें युद्ध यांपलीकडे माझी मजल जात नसे. कोलंबस येण्यापूर्वींपासून तेथें जीं माणसें नांदत होतीं त्यांच्याविषयीं पाठ्यपुस्तकांत एक परिच्छेद असे, आणि त्यांत पिसांचा मुगुट, तंबू व धनुष्यबाण एवढेंच असे. तोच परिच्छेद मी दरवर्षीं मुलांकडून मोठ्यानें वाचून घेत असें. सेवानिवृत्तीनंतर टोरोंटो येथें स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला कांहीं पुस्तकें पाठविलीं. त्यांच्या लेखकानें नेमका असाच एक परिच्छेद मनाला लावून घेतला आणि उरलेलें आयुष्य त्याच्या दुरुस्तीसाठीं खर्च केलें, असें मला आढळून आलें. त्या लेखकाचें नांव बॅझिल जॉन्स्टन. जन्म १३ जुलै १९२९, मृत्यु ८ सप्टेंबर २०१५. ते ओजिब्वे जातीचे होते, आणि व्यवसायानें कांहीं काळ इतिहासाचे मास्तरच होते.

ओजिब्वे लोक कोण, हें आधीं सांगितलें पाहिजे. उत्तर अमेरिकेंत गोड्या पाण्याचीं पांच प्रचंड सरोवरें आहेत. त्यांपैकीं सुपीरियर व ह्यूरन या सरोवरांच्या कांठीं आणि तेथून पश्चिमेस दूरवर हे लोक राहतात. त्यांच्या मुलुखांतून पुढें सरहद्दीची रेघ ओढली गेली, त्यामुळें कांहीं जण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कांहीं कॅनडांत पडले. ते स्वतःस अनिशिनाबे म्हणवितात. ‘इंडियन’ हें नांव तर आपल्या देशावरून आलेलें. वाट चुकलेल्या एका खलाशानें तें दुसऱ्यांच्या माथीं मारलें, आणि पांचशें वर्षें लोटलीं तरी तें पुरतें निघालें नाहीं. भूर्जाच्या सालीच्या हलक्या होड्या, सरोवरांतील मासे, वसंत ऋतूंत मेपल वृक्षाच्या रसापासून केलेली साखर, आणि उथळ पाण्यांत आपोआप उगवणारें एक धान्य यांवर त्यांचा संसार चाले. हें धान्य आपल्याकडील देवभाताची आठवण करून देणारें, परंतु निराळ्या जातीचें. होडींत बसून काठीनें ताटें वांकवावयाचीं व दुसऱ्या काठीनें दाणे होडींतच झोडून घ्यावयाचे, अशी त्याची कापणी.

या लोकांचें वाङ्मय तोंडीं होतें. भूर्जपत्रांवर खुणा व चित्रें कोरून विधि लक्षांत ठेवण्याची रीत त्यांच्यांत होती. परंतु कथा ती मुखानेंच सांगावयाची. त्यांच्या भाषेंत कथांचे दोन प्रकार मानतात. देवतांच्या, आदिकाळाच्या कथांस ‘आदिझूकान’ म्हणतात, आणि घडलेल्या हकीकतींस, बातम्यांस व आठवणींस ‘दिबाजिमोविन’. पहिल्या प्रकारच्या कथा हिंवाळ्यांतच, जमिनीवर बर्फ असतांना सांगावयाच्या, असा दंडक होता. उन्हाळ्यांत त्या सांगूं नयेत. चातुर्मासांत पोथी लावणाऱ्या आपल्या लोकांस ऋतु आणि कथा यांचें असें लग्न लागलेलें पाहून नवल वाटूं नये.

या कथांचा नायक नानाबुश. कांहीं ठिकाणीं त्यास नानाबोझो म्हणतात. बाप पश्चिमेचा वारा, आई मानवी स्त्री. तो लोकांचें कल्याण करतो आणि फजितीही करवून घेतो. शूर आहे तसा खादाडही आहे. दुसऱ्यास फसवावयास जातो आणि स्वतःच फसतो. देव म्हणावा तर फारच माणसासारखा. श्रोते त्याला हंसत हंसत आपले स्वतःचे दोष ओळखीत.

या कथा कागदावर आणण्याचा उद्योग जॉन्स्टन यांच्यापासून सुरू झाला, असें मात्र नव्हे. त्यांच्या जन्मापूर्वीं सव्वाशें वर्षांवर, १८०० सालीं, सुपीरियर सरोवराच्या मुखाशीं असलेल्या सू सेंट मेरी या गांवीं एक मुलगी जन्मास आली. तिचें नांव जेन जॉन्स्टन. आडनांव तेंच असलें तरी त्याचा अधिक अर्थ काढूं नये. तिचा बाप आयर्लंडहून आलेला फरचा व्यापारी, आणि आई वाबोजीग नांवाच्या ओजिब्वे सरदाराची कन्या. बापाच्या ग्रंथसंग्रहांतून इंग्रजी काव्य आणि आईच्या तोंडून ओजिब्वे कथा, असें दुहेरी धन तिला मिळालें. १८२३ सालीं हेन्री स्कूलक्राफ्ट या सरकारी अधिकाऱ्याशीं तिचा विवाह झाला. १८२६–२७ च्या हिंवाळ्यांत या गृहस्थानें एक हस्तलिखित मासिक चालविलें, त्यांत जेनच्या कविता व कथा टोपणनांवानें आल्या. त्यांपैकीं एक कथा मला विसरतां येत नाहीं. मरणोन्मुख आईबाप थोरल्या मुलांस विनवितात कीं, धाकट्यास टाकूं नका. प्रथम भाऊ माणसांच्या ओढीनें निघून जातो, मागून बहीणही जाते. एकटा उरलेला पोर लांडग्यांच्या उष्ट्यावर जगतो. आणि भावाला पुन्हां त्याची हांक ऐकूं येते तेव्हां तो पाहतां पाहतां स्वतःच लांडगा होऊन रानांत निघून जातो.

पुढें १८३९ सालीं नवऱ्यानें ओजिब्वे व इतर कथांचा मोठा संग्रह छापला. पुस्तकावर नांव त्याचें; जेनचें व तिच्या माहेरच्या मंडळींचें श्रेय वाचकांच्या नजरेंत भरलें नाहीं. १८४२ सालीं ती वारली. त्या संग्रहाच्या आधारें लाँगफेलो या कवीनें १८५५ सालीं ‘हायावाथा’ हें काव्य रचलें. त्यांतील पराक्रम पुष्कळसे ओजिब्वे नायकाचे, नायकाचें नांव इरोक्वा या वेगळ्याच लोकांतील पुरुषाचें, आणि छंदाची चाल फिनलंडच्या महाकाव्याची! जगानें हेंच काव्य ‘इंडियन’ लोकांचें म्हणून डोक्यावर घेतलें. जेनचें लेखन तिच्या स्वतःच्या नांवानें ग्रंथरूपानें एकत्र निघावयास २००७ साल उजाडावें लागलें.

आतां बॅझिल जॉन्स्टन यांच्याकडे वळूं. त्यांचा जन्म ऑन्टॅरिओ प्रांतांतील पॅरी बेटावर झाला; घराणें ह्यूरन सरोवरांत शिरलेल्या एका द्वीपकल्पावरील केप क्रोकर या गांवचें. १८५४ सालच्या तहानें त्या द्वीपकल्पाचा बहुतेक भाग सरकारच्या ताब्यांत गेला, आणि मूळ मालकांस राखून ठेवलेल्या लहानशा तुकड्यांपैकीं हा एक.

बॅझिल दहा वर्षांचा असतांना सरकारी अधिकारी घरीं आला आणि त्याला व त्याच्या चार वर्षांच्या बहिणीला स्पॅनिश या गांवच्या निवासी शाळेंत घेऊन गेला. हें गांवाचें नांव. स्पेन देशाशीं येथें संबंध नाहीं. परंतु ओजिब्वे वस्त्यांतील मुलांच्या मनांत या एका शब्दानें तुरुंगाची धडकी भरत असे, असें जॉन्स्टन यांनीं लिहून ठेविलें आहे. मुलांची शाळा जेझुइट पाद्री चालवीत. मुलींची शाळा वेगळी, त्यामुळें बहीणभावांची ताटातूट झाली. अशा शाळा कॅनडांत एकोणिसाव्या शतकापासून होत्या. पैसा सरकारचा, व्यवस्था ख्रिस्ती मिशनांची. १९२० सालीं कायदा करून इंडियन मुलांची हजेरी सक्तीची करण्यांत आली. सुमारें दीड लक्ष मुलें या शाळांतून गेलीं, आणि शेवटची शाळा बंद व्हावयास विसाव्या शतकाचें शेवटचें दशक यावें लागलें. मुलांना घरापासून तोडावें, भाषा विसरावयास लावावी, म्हणजे ‘इंडियन’ हा प्रश्नच उरणार नाहीं, असें त्यामागचें धोरण होतें. आपली भाषा बोलल्याबद्दल मुलांना मार मिळत असे.

येथें मला स्वतःविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं मी डोंगराळ तालुक्यांतील एका शाळेंत होतों. वर्गांत एक कातकऱ्याचा मुलगा होता. मधल्या सुटींत आंब्याखालीं पोरें जमवून तो अशा रंगानें गोष्टी सांगे कीं, मीही खिडकींतून ऐकत उभा राहत असें. वार्षिक तपासणीच्या आधीं मीं त्याला वर्गापुढें उभें केलें आणि शुद्ध भाषेंत गोष्ट सांग म्हणून फर्माविलें. त्यानें दोन वाक्यें सांगितलीं; दोन्ही वेळां मीं त्याचे शब्द सुधारले; मग तो गप्प झाला. तोंडी परीक्षेंत मीं त्याला शून्य गुण दिले. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आला नाहीं. कोणत्याही सरकारनें मला तसें करावयास सांगितलें नव्हतें.

स्पॅनिशची शाळा सोडून बॅझिल घरीं परतला. शिकार, मासेमारी, लांकूडतोड असे उद्योग करून पाहिले. एकांतही पोट भरेना. तेव्हां त्याच शाळेंत हायस्कूलचे वर्ग निघाल्याचें कळतांच तो आपखुशीनें परत गेला, आणि १९५० सालीं उत्तीर्ण झाला. ही गोष्ट शाळेच्या बाजूनें पुरावा म्हणून कोणीं सांगूं नये. दुसरा दरवाजाच नव्हता. १९५४ सालीं ते मॉन्ट्रियलच्या लॉयोला कॉलेजचे पदवीधर झाले, आणि १९६२ पासून टोरोंटोजवळील एका हायस्कुलांत इतिहास शिकवूं लागले.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती एका मुलाच्या प्रश्नानें. एका शाळेंत इंडियन लोकांविषयीं प्रदर्शन भरलें होतें. मुलांनीं तंबू उभारले होते, पिसें लाविलीं होतीं. एक मुलगा मात्र तंबूजवळ खिन्न बसला होता. जॉन्स्टन यांनीं चौकशी केली तेव्हां त्यानें विचारलें, कीं इंडियन म्हणजे एवढेंच काय? कित्येक आठवडे तो हा विषय शिकत होता आणि आतां कंटाळला होता. जॉन्स्टन पुस्तकें धुंडाळूं लागले तेव्हां मुलाचें म्हणणें खरें ठरलें. पुस्तकांत घर, अन्न, वस्त्र, हत्यारें सारें होतें. तीं माणसें कशावर विचार करीत, कशाला हंसत, मृत्यूविषयीं काय म्हणत, याचा पत्ता नव्हता. १९६९ सालीं ते टोरोंटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियमच्या मानववंशशास्त्र शाखेंत गेले व पंचवीस वर्षें तेथें राहिले. ज्या संस्थेंत त्यांच्या लोकांचीं भांडीं कांचेच्या कपाटांत ठेविलेलीं, तेथेंच बसून त्यांनीं त्या लोकांचे शब्द गोळा केले. वस्त्यावस्त्यांतून म्हाताऱ्यांकडे जावें, त्यांच्या भाषेंत ऐकावें, आणि लिहावें.

१९७६ सालीं ‘ओजिब्वे हेरिटेज’ हें पुस्तक बाहेर पडलें. त्यांत सृष्टीची उत्पत्ति आहे. सारें जलमय झालें असतां आकाशांतील स्त्री कांसवाच्या पाठीवर उतरते आणि तळची थोडी माती मागते. मोठमोठे पाणप्राणी बुडी मारून हात हालवीत परततात. शेवटीं सर्वांनीं हेटाळलेला चिमुकला मस्करॅट, म्हणजे एक जातीचा पाणउंदीर, बुडी मारतो आणि अर्धमेल्या स्थितींत वर येतो, तेव्हां त्याच्या पंजांत चिमूटभर माती असते. त्या मातीची पृथ्वी होते. कूर्मावताराची आठवण आपणांस येईलच. पण आपल्या कथेंत असा उंदीर नाहीं, आणि मला तर तोच अधिक आवडला.

जॉन्स्टन यांचें म्हणणें असें कीं, एका कथेला चारपर्यंत थर असूं शकतात : मनोरंजनाचा, नीतीचा, विचाराचा आणि अगदीं तळाशीं तत्त्वज्ञानाचा. सांगणारा श्रोत्याचें वय पाहून थर उलगडतो. आज लहानपणीं ऐकलेलीच कथा तो माणूस साठाव्या वर्षीं पुन्हां ऐकतो. छापील पुस्तकाची अडचण येथेंच येते. पुस्तकाला समोर कोण बसलें आहे हें दिसत नाहीं, आणि बाहेर बर्फ आहे कीं ऊन हेंही कळत नाहीं. ही अडचण त्यांनीं निरनिराळ्या युक्त्यांनीं सोडविली. १९८२ च्या ‘ओजिब्वे सेरेमनीज’ मध्यें नामकरण, दर्शनासाठीं करावयाचा उपवास, विवाह, युद्धप्रस्थान, मंत्रणा असे विधि आहेत. पंडितानें त्यांची यादी दिली असती. जॉन्स्टन एक कल्पित मनुष्य निर्माण करतात, ‘मोठा पांढरा ससाणा’ अशा अर्थाच्या नांवाचा, आणि त्याला या विधींतून चालवीत नेतात. ही कादंबरीची हातोटी. विधि पुरातन, सांगण्याची तऱ्हा विसाव्या शतकाची.

दोषही सांगितला पाहिजे. कोणती कथा कोणत्या गांवीं कोणाच्या तोंडून ऐकिली, हें ते बहुधा सांगत नाहींत. दूरदूरच्या वस्त्यांतील पाठभेद एका प्रवाहांत मिसळून जातात, आणि पौराणिक भागांत त्यांची इंग्रजी भाषा धर्मग्रंथासारखी जडही होते. संशोधकास हें खटकेल. परंतु कीर्तनकाराला आपण ओवीची हस्तलिखित प्रत मागत नाहीं. जॉन्स्टन स्वतःस परंपरेच्या बाहेर उभा राहून टिपणें घेणारा समजत नव्हते, परंपरेंतील एक सांगणारा समजत होते.

भाषेविषयीं त्यांचा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. अमुक मनुष्य खरें बोलतो, असें म्हणावयास ओजिब्वे भाषेंत जो शब्द आहे त्याचा अर्थ ते असा उलगडतात : आपली समजूत आणि आपले शब्द जेथवर पोंचतात तेथवर हा मनुष्य आपला आवाज टाकतो. म्हणजे निखळ सत्य माझ्याजवळ आहे असा दावा कोणीच करीत नाहीं. आपल्या आंवाक्यापुरतें बोलतों, एवढीच कबुली. तसाच ‘मॅनिटू’ हा शब्द. मिशनऱ्यांनीं त्याचें भाषांतर ‘भूत, आत्मा’ असें केलें आणि हे लोक भुतें पूजतात असा समज पसरला. जॉन्स्टन दाखवितात कीं, प्रसंगानुसार त्या शब्दाचा अर्थ गूढ, तत्त्व, गुण, सामर्थ्य, देवता असा बदलतो.

१९९५ सालीं ‘द मॅनिटूज’ निघालें. त्यांत वीन्डिगो नांवाच्या राक्षसाचें प्रकरण आहे. हा हिंवाळ्याचा, दुष्काळाचा राक्षस. माणसें खातो, आणि जितकें खावें तितकी त्याची भूक वाढते. शरीराचा नुसता सांगाडा, आणि भुकेनें स्वतःचेच ओंठ चावून खाल्लेले. जॉन्स्टन पुढें लिहितात कीं वीन्डिगो मेलेले नाहींत. त्यांनीं पोषाख बदलला आहे. अरण्यें साफ करणाऱ्या बड्या कंपन्या हे आजचे वीन्डिगो. ही उपमा त्यांनीं वरून चिकटविलेली नाहीं. कथेचा तिसराचौथा थर तेवढा उघडून दाखविला आहे.

एवढ्यावरून जॉन्स्टन हे गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ असतील असा समज होईल. वस्तुस्थिति उलट आहे. १९७८ सालचें ‘मूस मीट अँड वाइल्ड राइस’ हें पुस्तक वाचतांना मी एकटाच मोठ्यानें हंसत होतों. एका कल्पित वस्तींतील माणसें, त्यांच्यावर नेमलेला सरकारी अधिकारी, पाद्री, आणि या सर्वांचे एकमेकांविषयींचे गैरसमज, अशा त्या गोष्टी. नानाबुशचें नांव फारसें येत नाहीं, पण फसवावयास जाऊन फसण्याची त्याची खोड प्रत्येकांत आहे, अधिकाऱ्यांतही आहे.

१९८८ सालीं स्पॅनिशच्या शाळेच्या आठवणी ‘इंडियन स्कूल डेज’ या नांवानें आल्या, त्याही बहुतेक विनोदी. बेचव लापशी, अपुरें जेवण, कांबळ्यांतलीं भांडणें, पाद्र्यांना चकविण्याच्या युक्त्या. मुलांच्या हुशारीचें त्यांत कौतुक आहे, आणि कांहीं पाद्र्यांविषयीं मायाही आहे. मला हें पुस्तक वाचून थोडें समाधान वाटलें होतें, हें मान्य करतों. शाळामास्तराला असें समाधान लवकर वाटतें. मग त्याच विद्यार्थ्यानें कळविलें कीं २००७ सालीं दुसऱ्या एका अभ्यासकाच्या ग्रंथास लिहिलेल्या प्रस्तावनेंत जॉन्स्टन यांनीं आपणांवर त्या शाळेंत लैंगिक अत्याचार झाल्याचें सांगितलें आहे. सत्तरी उलटून गेल्यावर. विनोदी पुस्तकांत त्यांतला एक शब्दही नव्हता. तें कळल्यावर मीं पुस्तक पुन्हां पहिल्यापासून वाचलें. अक्षरें तींच होतीं. कांहीं प्रसंगांत जेथें मी पूर्वीं हंसलों होतों तेथें थांबलों. कथेचे थर म्हणजे काय, हें मला त्या दुसऱ्या वाचनांत समजलें.

११ जून २००८ रोजीं कॅनडाच्या पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत या शाळांबद्दल क्षमा मागितली. सत्य व समेट आयोगानें हजारों माजी विद्यार्थ्यांच्या साक्षी ऐकिल्या आणि २०१५ सालच्या जूनमध्यें आपल्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. त्यानंतर तीन महिन्यांनीं जॉन्स्टन वारले.

त्यांनीं १९९० सालीं एक निबंध लिहिला होता, ‘नाशापासून एक पिढी दूर’ अशा अर्थाच्या मथळ्याचा. कॅनडांतील पन्नासांहून अधिक मूळ भाषांपैकीं ओजिब्वे, क्री व इनुक्टिटुट या तीनच टिकतील, असें तेव्हां भाषाशास्त्रज्ञ म्हणत. टिकणाऱ्यांत आपली भाषा आहे म्हणून जॉन्स्टन स्वस्थ बसले नाहींत. इंग्रजी ग्रंथांबरोबर त्यांनीं ओजिब्वे भाषेंतही पुस्तकें लिहिलीं, आणि ती शिकण्यासाठीं पाठ तयार केले. आजा बोलतो व नातवाला कळत नाहीं, अशीं घरें त्यांनीं पाहिलीं होतीं.

वेळ संपत आली. ज्यांना इंग्रजी वाचतां येतें त्यांनीं प्रथम ‘मूस मीट’ घ्यावें, मग ‘ओजिब्वे हेरिटेज’, आणि शाळेच्या आठवणी शेवटीं, दोनदां. माझ्याकडील प्रती सध्यां आमच्या गांवच्या वाचनालयांत ठेविल्या आहेत. मस्करॅटची गोष्ट मीं माझ्या नातीला मराठींत सांगितली. तो उन्हाळा होता, तेव्हां दंडक मोडला खरा. पण तिनें मधेंच विचारलें कीं, उंदीर मग जगला का? मीं म्हटलें, पुढचें थंडींत सांगेन.